पाच तारखेचा आकडा

साळवे साहेब कुणाच्या चहाचे पैसे देत नसत आणि स्वतःच्या चहाचे कुणाला देऊ देत नसत. आठ जणांनी चहा घेतला तरी दहाच्या आठ नोटा वेगवेगळ्या पडल्या पाहिजेत. नवीन माणसाला हे फार लागायचं. मलाही लागलं होतं. जालन्याच्या बियाणं कंपनीत मी सेल्समध्ये लागलो, त्या पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायला उठलो, तर साहेबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "बस. तुझा तू दे. पगार व्हायचाय अजून तुझा, आन् आत्ताच वाटायला निघाला?" मला राग लवकर येतो. मनात म्हटलं, हा माणूस चिक्कू आहे.

तो चिक्कू नव्हता हे कळायला मला दोन वर्षं लागली. आणि कळलं तेव्हापासून मला एकच गोष्ट करायची होती. पाच तारखेला रफिकभाईंच्या बाकावर साहेबांच्या समोर बसायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "शून्य."

हे पाच तारखेचं काय ते आधी सांगतो. आमचं काम फिरतीचं. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन, जो तालुका वाट्याला आला तो पिंजून काढायचा. गाडीत पेट्रोल घाला, लॉजवर राहा, गावात शेतकरी मेळावा घ्या, मंडपवाल्याला पैसे द्या, दोनशे माणसांचे पोहे आणि चहा करा. हा सगळा खर्च आधी आपल्या खिशातून. कंपनी बिलं पास करणार दोन महिन्यांनी, कधी तीन. मग फील्डच्या माणसाच्या खिशात असतं काय? कार्डं. एक भरलं की दुसरं, दुसरं भरलं की तिसरं. कार्डाचं बिल येतं महिन्यानं आणि कंपनीचा पैसा येतो तिमाहीनं. या दोन्हीच्या मधे जो खड्डा पडतो, त्यात आमच्या धंद्यातली निम्मी माणसं पडलेली असतात. वरून शर्ट मात्र सगळ्यांचे कडक इस्त्रीचे.

दर महिन्याच्या पाच तारखेला ऑफिसात मीटिंग असायची. मीटिंग संपली की साहेब आम्हाला मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, रफिकभाईंच्या हॉटेलावर न्यायचे. हॉटेल आपलं म्हणायचं. चार बाकं, वर पत्रा. तिथे बसलं की साहेब शर्टाच्या आतल्या खिशातून एक कापडी बटवा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "चला. आकडा बोला."

म्हणजे प्रत्येकानं आपल्या सगळ्या कार्डांवर मिळून आज किती देणं आहे, ते मोठ्यानं सांगायचं. अंदाजे नाही, शेवटच्या रुपयापर्यंत. सांगितलं की रफिकभाई त्याच्यासमोर कप ठेवणार. न सांगणाऱ्याला चहा नाही. कुणी हसायचं नाही, कुणी "अरे बापरे" म्हणायचं नाही. सुरुवात साहेब स्वतःपासून करायचे. "साळवे. सात हजार दोनशे अकरा. बारा तारखेला भरून राह्यलो, पूर्ण."

आमच्यातला बोराडे एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, घरात बायकोला सांगत न्हाई ते इथं चौकात कशाला सांगायचं?"

"म्हणून तर इथं सांगायचं," साहेब म्हणाले. "जो आकडा तोंडातून निघत न्हाई, तोच आकडा वाढतो. बोलून बघ. लाज वाटंल. वाटू दे. पुढल्या महिन्यात कमी वाटंल."

तो बटवा बघण्यासारखा होता. पाच कप्पे, प्रत्येक कप्प्याचं कापड वेगळं. एक मोरपंखी, एक अबोली, एक पिवळं बारीक बुट्ट्यांचं. पाचांपैकी तीन कप्प्यांत कार्डं आणि दोन रिकामे. बँकांची नावं साहेब कधी घेत नसत. पेट्रोलचं कार्ड म्हणजे "थोरले". ते सगळ्यात जुनं, त्याचा मान पहिला. मेळाव्याच्या खर्चाचं कार्ड म्हणजे "पाव्हणा", कारण ते सीझनपुरतंच बाहेर यायचं. आणि तिसरं, ज्याची वर्षाची फी जबरदस्त होती, ते "जावईबापू". "वर्षातून एकदा मान घेतेत आन् बाकीचे अकरा महिने कप्प्यात झोपतेत. औंदा बंदच करून टाकतो." दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी फी माफ करून घेऊन पुन्हा ठेवायचे.

कार्डाच्या प्रत्येक कप्प्यावर दोऱ्यानं दोन आकडे काढलेले होते. पहिला बिल निघायच्या तारखेचा, दुसरा भरायच्या शेवटच्या तारखेचा. मोठा खर्च करायचा तर बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे हाताशी दीड महिना मिळतो. हे आम्हा सगळ्यांना त्यांनी त्या दोऱ्यावर बोट ठेवूनच शिकवलं. मी एकदा विचारलं, "साहेब, दोन कप्पे रिकामे कशाला?"

"रिकामा कप्पा बघायची सवय लागली पाहिजे डोळ्याला," म्हणाले. "न्हाई तर माणूस भरत सुटतो."

बोराडेच्या पॉइंटांची गोष्ट आमच्यात अजून निघते. बोराडेला कुठल्याशा कार्डावर पॉइंट जमवून मिक्सर फुकट मिळणार होता. त्यासाठी त्यानं दोन महिने भावाचे टायर, मेव्हण्याचा फ्रिज, शेजाऱ्याच्या पोराची फी असं सगळं आपल्या कार्डावर घासलं. त्यातल्या मेव्हण्यानं फ्रिजचे अठरा हजार दिलेच नाहीत. मिक्सर आला. साहेबांनी पाच तारखेला त्याच्याकडून सगळा हिशेब ऐकला, शांतपणे चहा प्याले आणि म्हणाले, "बोराडे, एक काम कर. त्या मिक्सरला घरात देव्हाऱ्याशेजारी जागा दे. अठरा हजारांचा मिक्सर हाये तो. चटणी वाटून त्याचा अपमान करू नको." रफिकभाईसुद्धा हसले. बोराडे स्वतः सगळ्यात जास्त हसला. मेव्हण्याकडून पैसे वसूल करायला पुढच्या रविवारी साहेबच त्याच्याबरोबर मंठ्याला गेल्ते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

रागावले की ते नावाला "राव" लावायचे. एरवी मी विलास; चुकलो की विलासराव. "विलासराव, बसा" असं कानावर आलं की मी आधी आपली चूक आठवायला लागायचो.

एकदा आम्ही दोघं घनसावंगीच्या फाट्यावर गाडी थांबवून डबा खात होतो. त्यांचा फोन वाजला. नवीन कार्ड घ्या म्हणून सांगणारी मुलगी. मी असतो तर दोन शिव्या घालून फोन ठेवला असता. साहेबांनी भाकरी खाली ठेवली. "बोल माय. जेवली का तू?" पलीकडे ती बहुतेक गोंधळली. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् तुझ्याकडं किती हायेत कार्डं?" मग पुढची वीस मिनिटं मी एकट्यानं डबा संपवला आणि हा माणूस बाभळीखाली उभा राहून तिला समजावत होता. "मिनिमम ड्यू म्हणून लिहिलेलं असतंय ना, तिकडं बघूच नको. ती कमीत कमी रक्कम न्हाई, ती जास्तीत जास्त मुदत हाये. तेवढंच भरत बसली तर म्हातारी होशील. ज्याला व्याज जास्त, ते आधी मार. आन् एक घासून दुसरं भरू नको, माय, बिलकुल नको." फोन ठेवून ते परत आले. भाकरी वाळून गेल्ती. म्हणाले, "चार कार्डं हायेत पोरीकडं. माझ्या लेकीएवढी असंल." तीच वाळकी भाकरी त्यांनी गाडीत बसून खाल्ली.

मी मात्र त्या दिवशी गाडीत बसून वेगळाच घामाघूम झालो होतो. कारण तिला जे सांगितलं ते सगळं मी करत होतो.

माझ्याकडे तीन कार्डं होती. उधळपट्टी केली असं म्हणणार नाही, पण शहाणपणाही केला नाही. कंपनीचा टूरचा पैसा खात्यात आला की तो मला पगारासारखाच वाटायचा. आला पैसा, गेला पैसा. त्यातून नवी मोठी मोटारसायकल घेतली, बहिणीच्या लग्नात मोठा भाऊ म्हणून मिरवलो. कार्डावरचं देणं तिथंच राहिलं. मग मिनिमम ड्यू. मग अंबडच्या एका मोबाइलच्या दुकानात एक कार्ड घासायचं, दुकानदार आपलं कमिशन कापून रोख पैसे देणार, त्या पैशांनी दुसरं कार्ड भरायचं. याला आमच्यात "फिरवणं" म्हणतात. आठ महिने फिरवत होतो, तरी मधे एखादी तारीख चुकायचीच. आणि आठ महिने पाच तारखेला साहेबांच्या तोंडावर सांगत होतो, "मुळे. अठ्ठावीस हजार एकशे चार," नाहीतर असंच काही. खरा आकडा तोवर झाला होता एक लाख शहाऐंशी हजार चारशे. रफिकभाई कप ठेवायचे. तो चहा मी प्यालो, आठ वेळा. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

नवव्या वेळी चहा झाला, सगळे उठले. साहेब उठले नाहीत. "विलासराव, बसा."

बसलो.

"तू कार्ड घेताना ओळखीचा म्हणून पहिला नंबर माझा देल्ता. वसुलीवाल्याचा फोन आल्ता मला. दोन महिने झाले."

मला वाटलं, जमीन फाटावी. दोन महिने हा माणूस खरा आकडा मनात ठेवून माझा खोटा आकडा ऐकत होता, आणि कप ठेवू देत होता.

"दुसरा नंबर कुणाचा देला?"

"अण्णांचा," मी म्हणालो. अण्णा म्हणजे माझे वडील. अंबडच्या पुढे आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. आयुष्यात त्यांनी कुणाचं एक पायलीचं पीठ कमी दिलं नाही आणि कुणाचा एक रुपया ठेवला नाही. गावात त्यांची तेवढीच श्रीमंती.

"मंग आता त्यांना फोन जाणार. त्याच्या आत तू सांग. उद्या जाऊ."

"साहेब, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"मी न्हाई सांगणार. मी फकस्त बाजूला बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. गिरणी चालू होती. अण्णा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, पायलीत ज्वारी ओतत होते. साहेब तिथल्या पोत्यावर टेकले. मी गिरणीच्या अगदी जवळ गेलो आणि पट्ट्याच्या त्या खडखडाटात अण्णांच्या कानाशी भराभर सगळं बोलून टाकलं. आकडासुद्धा. अण्णांनी मान हलवली आणि हसून म्हणाले, "जेवून जा."

मला हायसं वाटलं. सांगितलं की मी! त्यांना ऐकू आलं नाही यात माझा काय दोष? मी साहेबांकडे वळलो. साहेब उठले, अण्णांपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "अण्णा, जरा पट्टा थांबवा. पोराला काई सांगायचंय."

गिरणी थांबल्यावर जी शांतता पडली, ती मला अजून आठवते. दळणाला आलेल्या दोन बायकासुद्धा आमच्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, "अण्णा, माझ्यावर एक लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये देणं झालंय." आवाज माझाच होता, पण ओळखू येत नव्हता.

अण्णांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात काय होतं ते मला माहीत होतं. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवलेले पैसे. साहेबांनी त्या डब्यावर आपला हात ठेवला. "तुम्ही देऊ नका, अण्णा. दिले तर ह्याला वाटंल भरलं. मंग हा पुन्हा घासंल. ह्याचं ह्यालाच फेडू द्या. मी हाये."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. एवढंच विचारलं, "किती दिवस लागतील, साहेब?"

"दोन वर्षं. दर पाच तारखेला मी ह्याच्याकडून ऐकून घेईन."

परत येताना रस्त्यात मी रडलो. साहेब गाडी चालवत होते. त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं. मग जांब समर्थच्या कमानीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि तो बटवा माझ्या हातात दिला. "हे कापडं कशाचे हायेत, माहीत हाये का?"

मला काय माहीत असणार?

"ब्लाउजाचे. उरलेले तुकडे. मी बी तुझ्यासारखंच केल्तं. एका सीझनचे सगळे मेळावे कार्डावर केले, दिवाळीत कंपनीचा पैसा आला, त्याचा मी घरावर स्लॅब टाकला. कार्ड तसंच. चार वर्षं मिनिमम भरलं. त्या चार वर्षांत तुझ्या काकूनं तीर्थपुरीतल्या सगळ्या बायांचे ब्लाउज शिवले. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी तिनं हा बटवा शिवला आन् माझ्या हातात देला. एक शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं."

मग काय काय केलं ते थोडक्यात. मोटारसायकल विकली, जुनी घेतली. त्या पैशांत सगळ्यात जास्त व्याजाचं कार्ड बंद झालं. बाकीच्या दोन्हींसाठी साहेब माझ्याबरोबर बँकेत आले आणि ती रक्कम कमी व्याजाच्या ठराविक हप्त्यात करून घेतली. बावीस हप्ते, सहा हजार चारशेचे. कार्डं काकूंनी आपल्या शिवणाच्या कात्रीनं कापली. टूरच्या पैशांचं खातं वेगळं काढलं आणि त्याचं एटीएम साहेबांच्या पिवळ्या बुट्ट्यांच्या रिकाम्या कप्प्यात गेलं. मागितलं की मिळायचं, पण कशाला ते सांगावं लागायचं. मोठ्यानं.

"शून्य बोलशील त्या दिवशी चहा माझ्याकडून," पुढच्या पाच तारखेला हॉटेलात बसल्यावर साहेब म्हणाले. रफिकभाईंनी हातातली किटली खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. साहेब कुणाला चहा पाजणार ही बातमी मोंढ्यात पसरायला अर्धा तास लागला नाही.

सतरावा हप्ता भरला त्या महिन्यात साहेब रिटायर झाले आणि तीर्थपुरीला राहायला गेले. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या पाच तारखेला मीटिंग सुटून बाहेर आलो तर रफिकभाईंच्या बाकावर साहेब बसलेले. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी, समोर बटवा. गुडघा दुखत होता, एसटीचे धक्के खात आल्ते. "घरी करमत न्हाई," म्हणाले. "आन् तुझा आकडा कोण ऐकणार?" अठरावा, एकोणिसावा, विसावा. ते येत राहिले. पेन्शनीतला माणूस दर महिन्याला स्वतःच्या तिकिटाचे पैसे घालून माझं देणं ऐकायला यायचा. असा माणूस मला पुन्हा भेटायचा नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. तेव्हा मी आपला हप्ते मोजत होतो.

एकविसाव्या वेळी मला परतूरहून यायला उशीर झाला. रफिकभाईंकडे गेलो तर ते म्हणाले, "साहेब आत्ताच गेले स्टँडला." मी पळत सुटलो. तीर्थपुरीची बस हलायलाच लागली होती. खिडकीत साहेब. मला बघितल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"किती राह्यलं?"

"एकच हप्ता, साहेब!"

"आकडा बोल!"

"सहा हजार चारशे!"

"मोठ्यानं बोल रे, इंजिन चालू हाये!"

मी स्टँडच्या मधोमध उभा राहून बोंबललो, "सहा हजार चारशे!" कंडक्टर, फळवाला, बाकावरच्या बाया, सगळ्यांनी वळून बघितलं. साहेब दिलखुलास हसले. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी कप तोंडाला लावल्याची खूण केली. बस वळली तरी हात दिसत होता.

त्यानंतर बारा दिवसांनी ते गेले. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, तिथेच. मी तीर्थपुरीला गेलो तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावून माझं एटीएम परत दिलं. बटवा त्यांनी ठेवून घेतला. मी मागितलाही नाही.

पुढच्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. गिरणीवर फोन करून अण्णांना सांगितलं. त्यांनी आपण होऊन पट्टा थांबवून ऐकलं. पाच तारखेला मीटिंग सुटल्यावर मी एकटाच रफिकभाईंकडे गेलो. त्यांनी बाक पुसलं, कप भरला आणि हातातच धरून ठेवला.

"आकडा पहले, विलासभाई."

"शून्य," मी म्हणालो. ज्यासाठी बावीस महिने जुनी गाडी हाणली तो शब्द असा निघाला, जसं काही कुणी विचारलंच नव्हतं.

रफिकभाईंनी कप माझ्यासमोर ठेवला. मी दहाची नोट काढली. ते म्हणाले, "ठेवा खिशात. साहेब देऊन गेले."

"कधी?"

"त्याच दिवशी. बसला जायच्या आधी. बोलले, गुडघा लई दुखून राह्यला, पुढल्या पाच तारखेला आलो तर बरं, न्हाई आलो तर हे दहा रुपये विलासच्या चहाचे. पण शून्य बोलल्याशिवाय द्यायचा न्हाई."

मी कप उचलला. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो चहा, आणि मी तो न पिताच खाली ठेवला. रफिकभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. समोरून ट्रक चालले होते, मोंढ्यात पोती पडत होती, एवढा गलका होता की माझं मलाही ऐकू आलं नव्हतं. मग मी उभा राहिलो आणि स्टँडच्या दिशेला तोंड करून पुन्हा एकदा म्हणालो, मोठ्यानं. इंजिन चालू असलं तरी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.